हळदीत अंगात आलेली बाई

ठाण्यात हार्टच्या ओपीडीत मी आणि कळव्याकडची एक कोळीण शेजारी बसलो होतो. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन होऊन भोक बुजवलेलं, आता चाळिशीत झडप गळतेय आणि ठोके चुकतायत. दोघींची गोष्ट एकच. मी घाबरलेले. ती मात्र पदरात तोंड लपवून हसत होती.

"कशाला हसताय?"

"हलदीत नाचत व्हते गो. बेंजो थांबला, छाती थांबंना. डोलं फिरलं, अंग थरथरलं. सगल्यांना वाटलं देवी आली. मना कुंकू लावलं, नारल दिला. सासू पन पाया पडली."

सांगताना ती एका हाताने दुसऱ्या मनगटावर ठेका धरत होती. तो मध्येच अडखळायचा. तो ठेका तिच्या नाडीचा होता.

त्या हळदीत एका बाईने तिला आपल्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. हिने धापा टाकत सांगितलं, "माघात व्हईल." आणि झालंही. मग दारात लोक यायला लागले. हिने कितीतरी दिवस डॉक्टरचं नाव काढलं नाही, कारण सासू पहिल्यांदाच हिच्या हातात चहा आणून देत होती.

आम्ही इतक्या हसलो की नर्सने दटावलं. त्याच भरात मी डोकं पुढे केलं. "माझं सांगा ना."

तिने डोळे मिटले, अंग डोलवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरी व्हशील तू."

"आणि तुमचं?"

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. ती उठली, पण माझ्या डोक्यावरचा हात काढेना.

"सोताचं सांगता नाय येत गो."