पप्पांच्या मागची भिंत

ग्रुपवर कोणी वेबसाइटची लिंक टाकली की तिच्यासोबत एक चौकट उमटते. फोटो, ठळक अक्षरांत नाव आणि बारीक अक्षरांत दोन ओळी. लोकांना वाटतं ती आपोआप येते. आपोआप काही येत नसतं. पानाच्या डोक्यात, वाचणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, कोणीतरी बसून ते लिहिलेलं असतं. सर्च इंजिनला नाव काय सांगायचं, वर्णन काय द्यायचं, सोशल मीडियावर फोटो कोणता झळकवायचा. त्यांना मेटा टॅग म्हणतात, आणि ते लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बिल्डर, डेंटिस्ट, लग्नाचे हॉल, सगळ्यांचे चेहरे मी धुऊनपुसून जगापुढे ठेवते. घरचं काम एकदाच केलं, आणि त्यातच माती खाल्ली.

पप्पा पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं टर्नर होते, लेथ मशीनवर लोखंड कापायचे. आम्ही बौद्ध, मूळचे लातूरकडचे. त्यांच्या डिपार्टमेंटच्या भिंतीवर सगळे देव होते, दसऱ्याला झाडून सगळ्यांना हार पडायचे. आमची तसबीर मात्र पप्पांच्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलेली. निळा कोट, चष्मा, हातात घटनेचं पुस्तक. कोणाची ते सांगायला नको. भिंतीवर लावू का, असं त्यांनी एकदा विचारलं तर सुपरवायझर हसत म्हणाले, "कशाला राव, कामाच्या जागी राजकारण नको." देवांचं राजकारण होत नाही, आमचंच तेवढं होतं. रिटायर झाल्यावर पप्पांनी चिखलीत छोटा गाळा घेतला, तेव्हा लेथ यायच्या आधी तिथे तसबीर आली. चांगली दोन फूट उंच, काचेची. स्टुलावर चढून खिळा त्यांनी स्वतः ठोकला. खाली उतरले आणि म्हणाले, "ही भिंत माझी हाय." त्यांना इतकं खूश मी माझ्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

साइटचा विषय निघाला तो चाकणच्या एका कंपनीमुळे. तिथल्या परचेसवाल्यांनी पप्पांना सांगितलं, "आधी लिंक पाठवा, मग बघू." मशीनचे बुश आणि पिना असले सुटे भाग बनवणाऱ्या माणसाकडे कुठली लिंक? मी दोन रविवार बसून साइट उभी केली. फोटोसाठी पप्पांनी पांढरा शर्ट इस्त्री करून आणला, लेथपाशी उभे राहिले आणि मला तीनदा बजावलं, "मागची भिंत आली पाहिजे बरं का." आली. त्यांच्या डोक्याच्या वर बरोबर मधोमध तसबीर. पानावर तो फोटो मी पूर्ण लावला, पण बहुतेक लोक पान उघडतच नाहीत, चौकट बघून ठरवतात.

चौकटीसाठी फोटो आडवा लागतो, बाराशे बाय सहाशे तीस. आमचा होता उभा, म्हणजे कापणं आलंच. खालून कापला असता तर पप्पांचे बूट आणि मशीनचे पाय गेले असते. मी वरून कापला. पप्पांच्या केसांपाशी फोटो संपला.

तसं कापायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण आदल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीचे साहेब गाळ्यावर आले होते, तेव्हा मी तिथे होते. सॅम्पल हातात घेऊन तारीफ करत होते. बोलता बोलता भिंतीकडे लक्ष गेलं, आणि पुढचा प्रश्न आला, "मूळ गाव कुठलं तुमचं?" मग चहा अर्धा ठेवून "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही. भिंतीमुळे की आमच्या रेटमुळे, ते विचारायची सोय नसते. आमच्या बाबतीत ते कधी सिद्ध होत नाही, फक्त समजतं. फोटो कापताना तो अर्धा चहा माझ्या डोळ्यांपुढे होता.

आणखी एक टॅग असतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोटोत काय आहे ते शब्दांत लिहायचं, मोबाईल त्यांना ते वाचून दाखवतो. तिथे मी लिहिलं, "लेथजवळ उभे असलेले अनुभवी कारागीर. मागे मोकळी भिंत." कापणं एक वेळ जागा कमी पडली म्हणून खपलं असतं. मोकळी भिंत ही मी अक्षर न् अक्षर टाइप केली.

पप्पांनी लिंक सगळीकडे पाठवली. जुन्या कंपनीतले मित्र, लातूरचे पाहुणे, विहाराचा ग्रुप. अभिनंदनांचा पाऊस पडला. विहाराच्या ग्रुपवर मात्र गाळ्याच्या उद्घाटनाला आलेल्या एका काकांनी लिहिलं, "जयभीम भाऊ, तसबीर दिसंना गेली फोटोत?" पप्पांचा मला फोन आला.

"बाळा, फोटू कापला का गं मोबाईलनं?"

"हो पप्पा, ती सिस्टिम आपोआप कापते."

"अस्सं. बरं बरं."

दोन मिनिटांत त्यांनी ग्रुपवर उत्तर दिलं, "सिस्टिम कापते, पोरीचा दोष नाही." मी ते वाचलं आणि सुटल्यासारखं वाटलं, याचीच आता जास्त चीड येते.

लिंक चाकणला गेली, सॅम्पल पास झालं आणि ते लोक गाळा बघायला येणार असं ठरलं. इंग्रजीत काही विचारलं तर जवळ असावं म्हणून मी सुट्टी घेऊन गेले. आत शिरले तर फरशी धुतलेली, मापाचे गेज ओळीने मांडलेले, आणि भिंतीवर नुसता खिळा. तसबीर पप्पांनी धुतलेल्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली होती.

"पप्पा, हे काय?"

ते मायक्रोमीटर पुसत होते. "तीस वर्षं ड्रॉइंग बघून कापत आलोय बाळा. मशीननं कापलं तर दोन्हीकडून सारखं कापतंय. त्यो फोटू एकाच अंगानं कापलेला हाय. पहिल्याच दिशी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू बाहेर वावरतीस, शिकलेली हायस, तुला जास्त कळतंय. म्हणलं, पोरीला अवघड वाटत असंल, तर साहेब लोकांपुढं तिला खाली बघायला नको."

मला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती, असं मी सांगणार होते. पण दोन्हीत फरक काय, असं त्यांनी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. मी स्टूल ओढलं, तसबीर परत लावते म्हणाले. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि पप्पांनी स्टूल पायाने कोपऱ्यात सरकवलं.

दोघे आले होते. त्यांनी भिंतीकडे ढुंकूनही बघितलं नाही. बुशचं बोअर, म्हणजे आतलं भोक, मोजलं, मशीनची सर्व्हिस कधी झाली ते विचारलं, पप्पांच्या हाताखालच्या दोन कामगारांशी बोलले. चहा पूर्ण प्याले. जाताना त्यातला मोठा साहेब म्हणाला, "काका, तुमचं फिनिश एक नंबर." आठवड्याने ऑर्डर आली. तसबीर भिंतीवर असती तरी आली असती का? हे आता मला कधीच कळणार नाही, आणि ते कळू नये अशी सोय मीच करून ठेवली होती.

ऑर्डर आली त्याच दुपारी मी गाळ्यावर लॅपटॉप उघडला. तसबीर अजून कपाटावरच होती. फोटो नव्याने कापला, या वेळी खालून. पप्पा आणि तसबीर दोन्ही चौकटीत नीट बसले. काय जमत नव्हतं त्यात? पाच मिनिटांचं काम. आंधळ्या माणसांसाठीची ओळसुद्धा खरी लिहिली. मग स्क्रीन पप्पांपुढे धरला आणि म्हणाले, "बघा, आता हेच दिसेल सगळ्यांना."

त्यांनी चष्मा लावला. तसबिरीवरून, स्क्रीनवरच, एकदा अंगठा फिरवला. मला वाटलं आता स्टूल मागतील.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण राहू दे सध्या. त्यांचं काम चालू हाय."

सुपरवायझरने नाही म्हटल्यावरही हा माणूस कधी 'राहू दे' म्हणाला नव्हता. तीस वर्षं मनात भिंत धरून बसला होता. त्याला ते दोन शब्द मी शिकवले. पप्पा लेथकडे वळले, मशीन सुरू झालं, आणि मी नवा फोटो सेव्ह न करता पान बंद केलं.