नागीण आणि हेमंतचा छापखाना

दुपारची गोळी घेऊन मी उजव्या कुशीवर पडले आहे. डावी कूस नागिणीनं व्यापली आहे. पाठीच्या कण्यापासून बरगडीखालून पोटापर्यंत फोडांचा पट्टा, आणि त्यात अशी आग की पदराचा स्पर्शही नकोसा होतो. स्वयंपाकघरात आई फोनवर कुणाला तरी सांगते आहे, "आत्या म्हणून मग चुलतबहिणीलाच उभी करू. काय करणार?" मला ते ऐकू येतं आणि डोळे मिटत जातात.

रविवारी हेमंतच्या लेकीचं बारसं आहे. हेमंत माझा धाकटा भाऊ. लेक जन्मायच्या आधीच मोटरसायकलच्या अपघातात गेला. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि सख्खी आत्या मी एकटीच. डॉक्टर म्हणतात, फोड ओले आहेत तोवर बाळाजवळ फिरकायचं नाही.

"मग? जातेयस की नाही रविवारी?" हेमंत विचारतो.

तो पलंगाच्या कडेला बसला आहे, छापखान्यातला शाईचे डाग पडलेला शर्ट घालून. मला नवल वाटत नाही, राग येतो.

"तुझ्यामुळंच हे," मी म्हणते. "लहानपणी शाळेतनं कांजिण्या आणल्यास आणि मला लावल्यास. त्याच विषाणूची ही नागीण. इतकी वर्षं माझ्या कण्याजवळच्या मज्जातंतूत झोपला होता मेला."

"मी दिलेल्या भाऊबीजेच्या साड्या वाटून टाकल्यास, आणि हे बरं सांभाळलंस गं आक्का!"

मी हसते. हसल्यावर बरगडी ठणकते, आणि आम्ही माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभे आहोत. मी तिथं बारावीला जीवशास्त्र शिकवते. पण टेबलांवर सूक्ष्मदर्शक नाहीत, हेमंतचं ऑफसेट मशीन आहे. शाईचा वास दरवळतो आहे.

"तुझा हा विषाणू खातो काय?"

"काही नाही. खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. एकटा असला तर धुळीत जमा."

"मग आहे तरी काय?"

"नुसता मजकूर. प्रथिनांच्या पाकिटात घातलेला. पेशीच्या अंगावर ठरावीक जागा असतात, तिथंच तो चिकटतो. पेशी आपल्याच कामाचं समजून त्याला आत घेते. आत गेलं की पाकीट सुटतं, आणि मजकूर थेट पेशीच्या केंद्रकात."

"म्हणजे छापखाना त्याचा नाहीच." हेमंतचे डोळे चमकतात. धंद्याचं बोलताना चमकायचे तसेच. "कागद दुसऱ्याचा, शाई दुसऱ्याची, मशीन दुसऱ्याचं. हा फक्त मजकूर घेऊन आला!"

तो एक पाकीट फोडतो, कागद मशीनला लावतो. एरवी लग्नपत्रिका छापणारं मशीन आता तोच एक मजकूर छापत सुटतं. प्रत्येक कागद आपोआप पाकिटात जातो, पाकिटं दाराबाहेर पळतात, शेजारच्या छापखान्यांत शिरतात. ढीग माझ्या कमरेपर्यंत येतो. मी ओरडते, "बंद कर ते!"

"मी कसा करू? छापखाना तुझा आहे."

आम्ही रस्त्यावर आहोत. रस्ता माझ्या बरगडीवरून जातो, हे मला ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना शेततळ्यांसारखे फोड चमकताहेत. हेमंत मोटरसायकलवर बसून किक मारतो.

"बस मागं."

"या गाडीवर नको रे, हेम्या."

"आता काय होतंय मला?"

मला रडू फुटतं. मी त्याच्या पाठीला डोकं टेकून बसते आणि कुणालाच न सांगितलेलं त्याला सांगते. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस मरतं, असं आमच्याकडं सगळे म्हणतात. मी विज्ञानाची बाई, पण रोज सकाळी आरशापुढं मान मुरगाळून बघते, दोन टोकांत किती अंतर उरलं ते.

पोटाच्या मध्यावर गाडी थांबते. पुढं नुसतं गवत.

"पुढं?"

"पुढं रस्ताच नाही," मी म्हणते, आणि म्हणता म्हणता मला लख्ख कळतं. एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा एक पट्टा सांभाळतो, कण्यापासून मध्यरेषेपर्यंत. विषाणू ज्या तंतूत झोपला होता, त्याच्याच वाटेनं खाली आला. पलीकडची वाट त्याला नाही.

"मग तोंड-शेपूट भेटणार कसं, बाई?"

"नाही भेटणार."

"एवढं शिकून आरशापुढं माकडासारखी उभी राहतीस होय!"

परतताना तळ्यांच्या काठावर माणसं राबताना दिसतात. टोपल्यांनी माती ओतून एकेक तळं बुजवताहेत.

"ही कुणाची माणसं?"

"माझीच. माझ्या पांढऱ्या पेशी. कांजिण्यांपासून त्या याला ओळखतात. इतकी वर्षं त्यांनीच दाबून ठेवला होता. तू गेल्यावर मी जेवण सोडलं, झोप सोडली. त्या थकल्या, आणि हा उठला."

हेमंत गाडी हळू करतो.

"जेवत जा गं," तो म्हणतो. "आता हा कायमचा जाईल?"

"नाही. परत झोपेल. राहील इथंच."

"राहू दे मग." मग हळूच विचारतो, "नाक कुणासारखं आहे तिचं?"

"फोनवरच बघितलंय. तुझंच. नकटं."

"चुलतबहीण नको, आक्का. तूच जा."

मी त्याचा शर्ट घट्ट धरते. मुठीत चादर आहे. पंखा फिरतो आहे, आई चहा गाळते आहे. चादरीवर मसुरीच्या सालीएवढी एक तपकिरी खपली पडली आहे. मी आरशापुढं जाते. रोज नुसती दोन टोकंच बघायचे, आज मधलंही बघते. पट्टाभर सगळ्या खपल्याच आहेत, ओला फोड एकही नाही. फोटो काढून डॉक्टरांना पाठवते. त्यांचा लगेच फोन येतो, "सगळं वाळलंय. पट्टा झाकून ठेवा, हात धुवा आणि खुशाल घ्या बाळाला."

मी भावजयीला फोन लावते.

"मृणाल, रविवारी मी येतेय."

पलीकडं ती मोठ्यानं रडते. मागं बाळही सूर लावतं.

"या, आक्का," ती म्हणते. "आम्ही अजून तिला कशानंच हाक मारलेली नाही."