तिसरा आकडा

माझ्या नवऱ्याला म्हातारपणी रिव्हॉल्व्हरचं वेड लागलं. मी पिस्तूल म्हटलं की ते चिडायचे. पिस्तूल वेगळं, याला सहा गोळ्यांची फिरती चक्री असते म्हणे. मला दोन्ही सारखीच.

यांनी सगळा जन्म दुबईजवळच्या अजमानच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंड घडवायची लेथ चालवली. वर्कशॉपचा मालक इथलाच, यांच्याच वयाचा. आम्ही त्याला अरबाब म्हणतो, तो यांना उस्ताद म्हणतो. काम नसलं की दोघं एका बाकावर बसून भांडायचे. त्याला जुन्या बंदुका जमवायचा शौक. त्यानेच यांना नेमबाजीच्या क्लबात नेलं. आम्हा बाहेरच्या लोकांना इथे हत्यार ठेवता येत नाही. क्लबातलं घ्यायचं, तिथेच गोल आखलेल्या कागदावर नेम धरून झाडायचं, तिथेच ठेवून यायचं. मी म्हणायचे, "कोंबडी कापताना तोंड फिरवता, आणि निघाले गोळ्या झाडायला." ते म्हणायचे, "कागदाला रक्त नसतं." सुट्टीच्या दिवशी सकाळी अरबाबची गाडी खाली हॉर्न वाजवायची आणि हे चहा अर्धा टाकून पळायचे.

मग कुठेतरी त्यांनी एका जुन्या रिव्हॉल्व्हरचं चित्र पाहिलं. शंभर वर्षांपूर्वीचं. त्यातला एकेक भाग कारागिराने कानसीने घासून दुसऱ्यात बसवलेला, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याला चालत नाही, आणि तशी अस्सल फार थोडी उरली. लेथवाल्या माणसाला अशा गोष्टीचं काय वाटतं ते मला कळणार नाही. पण ते चित्र त्यांनी पाकिटात ठेवलं. माझा फोटो तिथे कधी नव्हता.

अरबाब म्हणाला, असं मिळालं तर मी घेतो, माझ्या लायसन्सवर. "पैसा मेरा, आँख तेरी. और पहला राउंड उस्ताद का."

यांच्या डोळ्यांना तोवर काय झालं होतं ते फक्त मला माहीत होतं. समोरचं मधलं दिसेना, कडेचं तेवढं दिसायचं. एकदा जेवताना म्हणाले, "तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही." मी म्हटलं, "बरंच आहे की." डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि स्वच्छ सांगितलं, गेलं ते येणार नाही, आहे तेही फार टिकणार नाही. मुलाला कळवायचं नाही, अरबाबला तर नाहीच, असं यांनी मला बजावलं. कळलं की क्लब बंद होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा, फक्त एकदा ते रिव्हॉल्व्हर स्वतःच्या हाताने चालवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. नजर संपायच्या आत.

दुबईतल्या एका दुकानात तसं एक आल्याचा निरोप आला, तेव्हा जन्मात पहिल्यांदा मला म्हणाले, "तूही चल."

अरबाबने गाडीचा दरवाजा उघडला. "भाभी, आज सोने का दुकान छोड़ के बंदूक का?"

"सोना आप दिलाते हो तो उधर चलते हैं," मी म्हटलं. तो हसला आणि एसी वाढवला.

दुकानदाराने मऊ कापडावर रिव्हॉल्व्हर ठेवलं. काळपट, जड, लाकडी मूठ. किंमत ऐकून मी मनातल्या मनात तिचे रुपये केले. मग त्याने ते सुटं करून तीन तुकडे मांडले: मधलं अंग, चक्री आणि नळी. यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि हळूच मराठीत म्हणाले, "अगं, प्रत्येकावर नंबर कोरलाय. वाच."

मी चौथीपर्यंत शिकले. आकडे मला येतात. इथे राहून अरबीसुद्धा येतात. मी वाकून वाचलं. अंगावर चार सात एक नऊ. चक्रीवर चार सात एक नऊ.

दुकानदाराने विचारलं, "मॅडम दुआ पढ़ रही हैं?"

"पढ़ने दो," अरबाब म्हणाला, "अपने को ही फायदा है."

नळी मी उजेडात धरायला लावली. तीन दोन आठ.

"परत वाच."

"तीन दोन आठ."

"झिजलाय का? नीट बघ."

"अहो, आकडा स्वच्छ आहे. वेगळा आहे."

यांनी त्या आकड्यावर अंगठा ठेवला आणि तसेच उभे राहिले. वाटेत येताना त्यांनीच मला समजावलं होतं, तिन्ही भाग एकमेकांसाठी घासलेले, म्हणून तिन्हींवर नंबर एकच हवा. नळी दुसऱ्याची असेल तर ते दुर्मीळ नाही, नुसतं जुनं लोखंड.

मराठी कळणारी आम्ही दोघंच. "बरोबर आहे" एवढं म्हटलं असतं तर अरबाबने तिथल्या तिथे घेतलं असतं, आणि पुढच्या काही दिवसांत पहिला राउंड यांचा झाला असता. दुसरं कधी मिळेल, मिळेल तेव्हा डोळे असतील का, कोण सांगणार? हे मला कळत होतं. त्यांना तर कळतच होतं. मी काही सुचवलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

"अरबाब, नहीं लेना," ते म्हणाले. "बॅरल दूसरे का है."

दुकानदार वाद घालायला लागला. अरबाबने हात वर केला. "खलास. उस्ताद नहीं बोला तो नहीं. दूसरा मिलेगा, इन्शाल्ला." गाडीत बसताना त्याने यांच्या पाठीवर थाप मारली. "क्या आँख है तेरी!"

हे खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर चप्पल काढताना एवढंच विचारलं, "तुला नक्की दिसलं ना?"

"दिसलं."

"मग झालं."

दुसरं मिळालं, पण बाहेरच्या देशातून. ते यायला आणि त्याच्या परवानग्या व्हायला एक अख्खा उन्हाळा गेला. तोवर हे घरातल्या घरात दारांना धडकायला लागले. अरबाबला मात्र गुडघेदुखीचं निमित्त सांगून क्लब टाळत राहिले. मुलाला कळलं. नात म्हणाली, "आजोबा, नो मोअर शूटिंग, नॉट सेफ." रिव्हॉल्व्हर क्लबात आलं तेव्हा मी त्यांना हाताला धरून नेलं. त्यांनी तिन्ही भागांवरून बोटं फिरवली, मी नंबर वाचले. तिन्ही सारखे.

अरबाबने ते त्यांच्या हातात दिलं. "चल उस्ताद, यल्ला."

तेव्हा यांनी सांगितलं. "मेरे को दिखता नहीं, अरबाब."

"कब से?"

"उस दुकान के पहले से."

"तो उस दिन कौन देखा?"

"तेरी भाभी."

 अरबाबने क्लबच्या शिक्षकाशी अरबीत बोलून घेतलं. शिक्षक यांच्या मागे उभा राहिला, दोन्ही कोपरांना हात लावून त्यांचे हात समोर केले. "अब भी भाभी देखेगी," अरबाब म्हणाला.

सगळ्यांच्या कानांवर झाकणं होती. आवाज पोटात बसला. यांनी एका कानावरचं झाकण सरकवलं. "लागली का?"

"नाही."

पुन्हा आवाज. "आता?"

"नाही. वर गेली. मागची माती उडाली."

शिक्षकाने हात थोडे खाली केले, तरी पुढचीही मातीत गेली. अरबाब मला भुवयांनी खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. मी म्हटलं नाही. वेगळा आकडा वेगळाच आहे म्हणून ज्याने हातातलं सोडून दिलं, त्याला कोऱ्या कागदावर भोक सांगायचं? ते माझ्याच्याने झालं नसतं. सहाही गोळ्या गेल्या. सहाही वेळा मी नाही म्हटलं.

तारेवरून नेमाचा कागद सरकत परत आला. यांनी तो हातात घेतला, गोलांवरून तळवा फिरवला, मग पालथा करून मागूनही फिरवला. लेथवरून घडवलेला भाग उतरवला की असाच हात फिरवायचे. मग चार घड्या घालून माझ्याकडे दिला.

आता ते हॉलमध्ये बसून असतात. अरबाब सुट्टीच्या दिवशी येतो, हॉर्न वाजवत नाही, वर येऊन बसतो. ते रिव्हॉल्व्हर त्याने नंतर चालवलेलं नाही. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. तो कागद मी मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलाय. जाड आहे, चांगला आहे. डबे उचलले की काळे गोल दिसतात.

मधूनच कधी हे आतून हाक मारतात.

"अगं, तो कागद आहे ना?"

"आहे."

"कोराच?"

"कोराच."

"बरं," म्हणतात.