उजवा हात डेअर, डावा हात डी: जिंतूर-चारठाण्याचे चार दिवस

आठशे जर्मन नामं तोंडपाठ असलेला माणूस जर्मन शिकायला जिंतूरला निघाला, हे कळल्यावर परभणीच्या आमच्या गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. हसू द्या म्हटलं. मी गेलो, आणि शहाणपणच केलं.

झालं असं. हैदराबादेत रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी जर्मनीत शिकण्याच्या वजीफ्याला, म्हणजे शिष्यवृत्तीला, अर्ज केला. रसायनात पास झालो, तोंडी जर्मनमध्ये आपटलो. आपल्यासारखीच त्यांच्याकडे तीन लिंगं. फरक एवढाच, की ते लोक प्रत्येक नामाच्या पुढे त्याची निशाणी उभी करतात: डेअर, डी, डास. म्हणजे तो, ती, ते. मला वाटलं, तीन तर तीन, जन्मापासूनची सवय आहे. मराठीची लिंगं मी बिनधास्त त्यांच्या नामांना चिकटवली. त्यांच्याकडे सूर्य ही 'ती' आणि टेबल हा 'तो'. परीक्षक असलेल्या वयस्क जर्मन बाईंनी वही मिटली आणि इंग्रजीत सांगितलं, "एका महिन्याने या. तेव्हाही असंच झालं तर वजीफा पुढच्या मुलाला."

तीन आठवडे मी निशाण्यांची घोकंपट्टी केली. सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट. तेव्हा वडिलांच्या ओळखीचा एक अडत्या म्हणाला, "जिंतूरच्या जिनिंगवर मन्मथअप्पा फिटर हाय. मशिनी बसवायला आलेल्या जर्मन सायबाच्या हाताखाली आठ वर्सं काढली त्यानं. मोठी लढाई लागली अन् सायब गेला, भाषा ऱ्हायली." परीक्षा गुरुवारी होती. मी शनिवारी मोटार पकडली.

या रस्त्याने जाणार असाल तर सकाळी डाव्या बाजूला बसा, ऊन लागत नाही. तोंडाला उपरणं बांधा, धूळ मोजून मिळत नाही. झरीला मोटार इंजिनात पाणी भरायला अर्धा तास थांबते. तिथली गरम भजी सोडू नका, चहा सोडलात तरी चालेल. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याने विचारलं, "कुठं जायलाव, बाबा?"

"जिंतूरला. जर्मन शिकायला."

त्याने मला खालीवर पाहिलं. "असं व्हय? आमी आपलं म्हस बघायला जायलोव."

जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, आवाज गावाबाहेरूनच कानावर येतो. आत गेल्यावर तर स्वतःचा खोकलाही ऐकू येईना. अप्पा पन्नाशीचे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कोपरापर्यंत तेल. त्यांनी मला बाहेर आणलं, सगळं ऐकून घेतलं आणि खिशातली कानस पुढे केली. "काय हे?"

"फायले."

"डेअर, डी का डास?"

"डेअर?"

अप्पांनी कानस परत खिशात टाकली. "मिळायची न्हाई. सायब बी असाच होता. निशाणी चुकली की हत्यार देत नव्हता. अन् वही ठिवून दे, तिचा आत उपेग न्हाई."

त्यांची शिकवणी अशी. जिनच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्या साहेबाने हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. डेअरला उजवा हात वर, डीला डावा, डासला दोन्ही. मशीनच्या एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला मी. ते बोट दाखवत, मला शब्द आठवे. ते हात वर करत, मी त्यांच्यासारखा करत असे. पट्टा, रोलर, चाक, पाती, सरकी, कापूस. कामगार हसत होते. कापसाची तूस नाकात जात होती. पण संध्याकाळपर्यंत माझा हात विचार न करता वर जायला लागला. इतका आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता, हे खरं सांगतो.

रविवारी सकाळी आम्ही हत्यारांच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. हातोडी, सांडशी, स्क्रू, किल्ली. मग टेबल, खुर्ची, दिवा, असं जगातलं बाकीचं. दुपारी छकड्यातून चारठाण्याला निघालो, कारण अप्पांचं घर तिथे, आणि सोमवारी लिंगायतांच्या घरी बैलाला जू लावत नाहीत. गाड्याच येत नाहीत म्हणून जिनिंगही बंद असते. तेव्हा वाचकहो, या भागात सोमवारी छकडं मिळेल या भरवशावर राहू नका. वाटेत एका शेतात बोलावून हुरडा खायला घातला, वर ताक. पैसे विचारले तर शेतकरी रागावला.

चारठाण्याची जुनी देवळं पाहायलाच हवीत. मी मात्र ती नीट पाहिली नाहीत, कारण सोमवारी पूजा आटोपून अप्पांनी मला महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर, तिथल्या उंच कोरीव खांबासमोर बसवलं आणि परीक्षा सुरू केली. मी छाती काढून बसलो होतो.

"पट्टा."

मी डावा हात वर केला. "डी रीमन."

"न्हाई. रोलर?"

उजवा. "डेअर वाल्त्से."

"न्हाई."

कापूस चुकला, सरकी चुकली. दोन हातांची चाकासारखी नामं तेवढी बरोबर. मग हत्यारं विचारली, ती सगळी बरोबर. पुन्हा मशीन, पुन्हा चूक. तीन दिवसांवर परीक्षा, आणि पाठ झालं होतं ते चुकीचं, तेही पक्कं! परभणीची गल्ली डोळ्यांपुढे उभी राहिली.

अप्पा बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत होते. मग उठून माझ्या समोर उभे राहिले आणि उजवा हात वर केला. "कर माझ्यावाणी."

मी केला. डावा.

"आरं लेकरा," अप्पा मटकन खाली बसले आणि हसू लागले, "मशिनीपाशी तू माझ्या समोर हुबा होतास. आरशावाणी, माझ्या हाताच्या बाजूचाच हात वर करायलास. बाकावर शेजारी बसलास म्हणून तिथलं नीट ऱ्हायलं!" मग डोळे पुसत म्हणाले, "म्या बी हेच केलं होतं. सायबाला दोन म्हयने कळलं न्हाई. कळल्यावर त्यानं माझ्या उजव्या मनगटाला लापन बांधलं."

'लापन' म्हणजे हात पुसायचं फडकं. जिनिंगवर सगळेच त्याला लापन म्हणत होते. मला वाटलं, इकडचा शब्द असेल. अप्पांनी कमरेचं फडकं फाडून एक पट्टी माझ्या उजव्या मनगटाला बांधली. "आता समोर राजा असू दे. लापन तिकडं डेअर."

दिवसभर ओट्यावर बसून आम्ही सगळं मोडलं आणि परत बांधलं. मंगळवारी जिनिंगवर जाऊन मशीनच्या समोरासमोर पुन्हा एकदा. एकही चूक नाही. निघताना मी विचारलं, "अप्पा, तुम्हाला काय देऊ?"

"तिकडं कारखान्यात गेलास तर एवढं बघ," ते म्हणाले, "समदे असे हात करतेत का ते आमच्या सायबाचं एकट्याचं होतं. तीस वर्सं झाली, मला कळंना गेलंय."

बुधवारी आगगाडी, गुरुवारी हैदराबाद. परीक्षक बाईंनी शाईची दौत दाखवली, खुर्ची दाखवली, खिडकी दाखवली. माझे हात टेबलाखाली हलत होते आणि उत्तरं वर येत होती. अखेर त्यांनी हात टेबलावर ठेवायला सांगितले आणि मनगटावरचं तेलकट फडकं पाहून भुवया उंचावल्या. मोडक्या जर्मनमध्ये मी जिन, गोंगाट आणि अप्पा सगळं सांगितलं. मग बाई तोंड न उघडता एकेका वस्तूकडे बोट दाखवू लागल्या, आणि मी नुसता हात वर करू लागलो. दिवा, भिंत, पुस्तक, चष्मा.

शेवटी त्यांनी फडक्याकडेच बोट केलं. हा शब्द माझ्या आठशेत नव्हता. गेला वजीफा, असं वाटलं. पण हात ओळखीचा होता, उजवा वर केला आणि जिनिंगवर म्हणतात तेच म्हटलं, "डेअर... लापन?"

बाई खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसल्या. "बरोबर! हा शब्द कुठल्या पुस्तकात मिळाला?"

"जिंतूरला," मी म्हणालो.

वजीफा मिळाला. गल्ली आता मीच जर्मन आहे असं धरून चाललीय. देवळं बघायची राहिली, ती तुम्ही बघा. मला त्या चार दिवसांचं एकच कौतुक आहे: माझ्या हाताची चूक तीस वर्षांपूर्वी एका माणसाने करून ठेवली होती, म्हणून ती त्याला ओळखू आली.

ट्रंक भरताना आईने फडकं उचललं. "हे तेलकट चिंधूक टाकून देऊ का?"

"नको गं. लापन आहे ते."

"बरं बाबा, लापन," आई म्हणाली. तिने ते धुऊन, घडी करून सगळ्यात वर ठेवलं. तिकडच्या पहिल्या कारखान्यात मला अप्पांसाठी कुणालातरी एक गोष्ट विचारायची आहे.