पूजेची पिवळी पट्टी

भोगीच्या सकाळी आमच्या गायीचा मागचा पाय पत्र्याने कापला. आमच्या गावी, गुम्मिडिपूंडीला, घरामागे, कारखान्याच्या भिंतीलगत, जुने पत्रे पडलेले असतात. तिथे चरायला गेली आणि खुराच्या वर वीतभर चीर घेऊन लंगडत परत आली. पोंगलच्या सुट्ट्या लागलेल्या. जनावरांचे डॉक्टर गावी गेलेले, ते चार दिवसांनी येणार होते.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, जन्मभर गायी राखल्या. पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. स्वतःच्या वेष्टीची, म्हणजे लुंगीची, गाठसुद्धा त्यांना मारता येत नाही, ती आई मारून देते. म्हणून जखम मी धुतली, मिठाच्या कोमट पाण्याने. अप्पा शेजारी उभे राहून सांगत होते, "सैल बांध गे. रोज सोडून बघायला हवं."

मी सुट्टीसाठी शहरातून, अड्यारहून आलेली. ऑफिसात दहा माणसांना हुकूम सोडायची सवय, मला कोण शिकवणार! दोन दिवसांनी माट्टु पोंगल, गायीची पूजा. सगळी गल्ली बघायला येणार आणि आमच्या गायीच्या पायातून रक्त ठिबकतंय, हे मला नको होतं. मी जखमेत हळद ठासून भरली, पूजेसाठी रंगवलेल्या पिवळ्या कापडाची पट्टी फाडली आणि गच्च आवळली. रक्त थांबलं. मला केवढं समाधान वाटलं!

आमच्या घरात पूजेसाठी गायीला जे बांधतात, ते काणूचा, म्हणजे पूजेनंतरचा दिवस संपेपर्यंत सोडत नाहीत. एरवी मी या रीतींची टिंगल करते. पूजेच्या दिवशी शिंगं रंगवली, पट्टीलाही कुंकू लावलं. गाय पाय टेकत नव्हती. अप्पा खाली बसले, खुराला हात लावून बघितला आणि म्हणाले, "गार लागतंय गे. सोड ते."

"पूजेचं आहे ना अप्पा? उद्या संपलं की सोडू," मी म्हणाले. खरं तर मला ती जखम पुन्हा बघायची भीती वाटत होती.

काणूच्या संध्याकाळी पट्टी सोडली. वासाने आई बाहेर पळाली. पट्टीच्या खालचा पाय काळा पडला होता, चिमटा काढला तरी गाय हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. बघितलं आणि म्हणाले, पाय मेलाय, विष अंगात भिनलंय, आता तिला कायमचं शांत करणं एवढंच हातात आहे. सुई भरता भरता त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "एवढं घट्ट कोणी बांधलं?"

मी खाली बघत राहिले.

"मी," अप्पा म्हणाले.

गायीच्या गळ्यावर ठेवलेला त्यांचा हात तेव्हाही थरथरत होता. डॉक्टरांनी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.