झोपलेलं अंगण

वाळकी फांदी दिसली की बाई अंगठ्याच्या नखानं तिची साल खरवडायच्या. आत हिरवी रेघ निघाली की समोरच्याला हाताला धरून जवळ ओढायच्या. "बघ. मेलं न्हाई, झोपलंय."

जालन्यातल्या आमच्या कॉलनीत टँकरच्या पाळ्या मी लावते. पाणी कुणाला कधी, पाइप कोण धरणार, भांडण झालं तर कुणाशी बोलायचं, सगळं माझ्याकडे. निवृत्त शिक्षिका असलेल्या या बाई माझ्या समोरच्या घरात एकट्या राहत. नवरा होता तोवर अंगणात लॉन होतं, आणि उन्हाळ्यातली माझी निम्मी भांडणं त्या लॉनवरून व्हायची. तो वारला त्याच वर्षी बाईंनी कुदळ घेऊन लॉन उपटलं.

"त्यांनी हौसेनं लावलं होतं ना, बाई?"

"हौस त्यांची, पाणी लोकाचं. कधीपर्यंत चालायचं असं?"

पिंपळगाव रेणुकाईला त्यांचं माहेर. तिथल्या बांधावरून तरवड आला, सीताफळ आलं, कोरांटी आली. मधोमध पांढरा चाफा, कडेनं कोरफड, बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर. झाडं लहान होती तोवर आंघोळीचं पाणी चरातून सोडायच्या, पुढं तेही क्वचितच. बाईंचं नाव माझ्या पाळ्यांतून गेलं.

शेजारचे काका फाटकातून ओरडायचे, "बाई, शेळ्या कधी आणून राह्यल्या?"

"तुम्ही हायेत की! या चरायला."

पण ती बाग निव्वळ हौस नव्हती. पुण्याचा मुलगा दर उन्हाळ्यात फोन करायचा, "आई, तिथं पाणी नाही, इकडं ये." बाईंचं उत्तर ठरलेलं, "मला पुरतंय, झाडांनाबी पुरतंय." एकदा माझ्याकडे चहा पिताना म्हणाल्या, "हे अंगण जगून राह्यलंय तोवर मला कोणी इथून हलवू शकत न्हाई." तेव्हा त्या हसत नव्हत्या.

गेल्या चैत्रात न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलगा धावत आला, दवाखान्यात आईच्या पायाशी झोपला. असा मुलगा कुणालाही हवासा वाटेल. घरी येऊन बघतो तर अंगणात नुसत्या काड्या आणि रानटी झुडपं. सीताफळ आणि चाफा उन्हाळ्यात पान ठेवत नाहीत, हे त्याला कुठून ठाऊक? आईला घरी आल्यावर बरं वाटावं म्हणून त्यानं माणसं लावून ते सगळं मुळासकट काढलं आणि तयार गवताचे गालिचे अंथरले. मी तेव्हा बहिणीकडे बदनापूरला होते. परतले तर काड्यांनी भरलेली ट्रॉली गल्लीतून निघाली होती. एक फांदी मी ओढून घेतली. तिला नख लावायचं धाडस झालं नाही.

बाई आल्या. वॉकर गवताच्या कडेला थांबला.

"आवडलं ना, आई? अगदी बाबांच्या वेळेसारखं."

मी काही बोलणार, एवढ्यात बाईंनी माझ्याकडे बघून मानेनंच नको म्हटलं. मग मुलाच्या गालावर हात ठेवला. "किती राबलास रे."

संध्याकाळी मुलगा माझ्या दारात. "काकू, आईचं नाव टँकरच्या पाळीत घेता का? गवताला लागेल." घेतलं.

पहिला टँकर आला तेव्हा बाई खिडकीत होत्या. मी आत जाऊन म्हटलं, "बाई, पावसाळ्यात पुन्हा लावू. रोपं मी आणते."

"आणशील गं. पण सीताफळ उभं राहायला किती वर्षं लागतात? तेवढी मी कुठून आणू?"

त्याच आठवड्यात त्या पुण्याला जायला तयार झाल्या. आईला एकदाचं पटलं म्हणून मुलगा खूश होता. गवत महिनाभरात वाळलं. ते मात्र खरंच मेलं.

मध्यंतरी मी फोन केला. कशा आहात, म्हणून विचारलं.

"बरीय." तिकडं करमतं का, विचारलं.

"इथं नळाला चोवीस तास पाणी हाय," बाई म्हणाल्या. "सोडते, बघते, बंद करते."