तिसऱ्या वर्गाचं घड्याळ

दादा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी डोंबिवलीला त्याच्या घरी होते, दिवसभराच्या उठबशीने पार कंटाळलेले. औषधं दिली, पेज भरवली, चादर बदलली, आणि आता जरा टेकावं म्हणून खुर्ची ओढली, तेवढ्यात त्याने भिंतीकडे बोट केलं. म्हणजे घड्याळ. संध्याकाळचं जेवण झालं की ते अर्धा तास पुढे सरकवायचं, हा त्याचा रोजचा नेम होता आणि त्याला उठवत नव्हतं तेव्हापासून ते काम माझ्या गळ्यात आलेलं. मी म्हटलं, "अरे, आज राहू दे ना. गुडघे बोंबलतायत. उद्या एकदम तासभर करते." तर पडल्या पडल्या म्हणाला, "कमे, बोटीवर असं करत नाहीत." झालं, उठले. काच उघडली, मोठा काटा अर्धा फेरा फिरवला, काच लावली. वर आणखी विचारतो, जास्त नाही ना झालं? मी म्हटलं, नाही रे बाबा, झोप आता. सकाळी चहा घेऊन गेले आणि मनगट हातात घेतल्याबरोबर कळलं. अख्खी हयात नर्स म्हणून काढली, मला कोणी सांगायची गरज नव्हती... तरी कपात साखर घालून ढवळत बसले होते काही वेळ.

त्याला जाऊन आता दीड-दोन महिने होतील. बिल्डिंगमधले लोक त्याला बोटवाले काका म्हणायचे. समुद्राशी त्याचा संबंध काय, तर काही नाही. नोकरी मोहन्याच्या कारखान्यात, ड्राफ्ट्समनची. स्वतः बोटीत बसला तो फक्त घारापुरीला जाताना, आणि तेव्हाही उलटी केली, हे मी शपथेवर सांगते. पण आमचे बाबा गोदीत हमाल होते. विलायतेला जाणाऱ्या मोठ्या आगबोटी लागायच्या तिथे साहेबलोकांच्या ट्रंका चढवायच्या, उतरवायच्या. एकदा त्यांनी दादाला धक्क्यावर नेलं होतं. मी फ्रॉकमधली, मला नेलं नाही, याचा राग मला अजून आहे. दादाने घरी येऊन सांगितलं की बोट म्हणजे पांढऱ्या रंगाची अख्खी चाळ असते, आणि ती हलते. कल्याणच्या आमच्या चाळीत त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

बाबा एकदा ट्रंकेवर लावायचं एक कोरं लेबल घेऊन आले. लाल अक्षरं, सुबक चौकट. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नक्षी आवडली म्हणून घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेवर खळीने चिकटवलं. पुढे दादा इंग्रजी शिकला तेव्हा त्याने ते वाचलं. "प्रवासात लागणार नाही." म्हणजे हे सामान केबिनमध्ये नको, खाली तळात टाका. आमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू ती ट्रंक, तिच्यात आईचं लुगडं आणि शाळेचे दाखले, आणि वर हे लेबल! दादा हसून हसून लोळला. हल्ली जिना चढताना वाटतं, ते लेबल काढून आपल्या गुडघ्यांवर लावावं.

तिथून त्याचं हे वेड सुरू झालं. विमानं आली, बोटींचे प्रवासी आटले, एकेक बोट भंगारात निघाली. मुंबईच्या दारूखाना बंदरात बोटी तोडायचे तेव्हा त्यातलं फर्निचर, कपबशा, दिवे, पितळी कड्या सगळं बाजारात यायचं. रविवार आला की दादा निघाला मुंबईला. वहिनी म्हणायच्या, लोकांचे नवरे बाजारात जाऊन मासे आणतात, आमचे हे किल्ल्या आणतात. केबिनच्या किल्ल्या, मेनू कार्डं, चमचे, सामानाची लेबलं, एका बोटीचा उभा छेद दाखवणारा लांबलचक नकाशा. तो नकाशा त्याने बेडरूमच्या भिंतीवर लावला होता. कारखान्यात अख्खा दिवस ड्रॉइंगवर वाकून यायचा आणि घरी येऊन परत त्या ड्रॉइंगपुढे उभा राहायचा. मला दाखवायचा, हे बघ, दिव्याचं बटण कुठे असावं हेसुद्धा कोणीतरी बसून काढलंय, आणि किती देखणं काढलंय. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण तो बोलायला लागला की त्या नकाशातल्या इवल्याशा जिन्यांवरून माणसं चढताना दिसायची, एवढं मात्र खरं.

त्याची एक अट होती. फक्त तिसऱ्या वर्गाचं घ्यायचं. त्या वर्गाला पुढे टूरिस्ट क्लास असं गोड नाव मिळालं, पण दादा तिसराच म्हणायचा. सोनेरी काठाच्या बशा, नक्षीदार चांदीची भांडी, त्याला हातही लावायचा नाही. पहिल्या वर्गाचं जपायला अख्खं जग बसलंय, म्हणायचा. त्यामुळे त्याच्या कपाटात सगळे जाड पांढरे कप, डोक्यात घातला तर टेंगूळ येईल असे. आम्ही त्यातूनच चहा प्यायचो. कोणी जपून धरला तर ओरडायचा, अरे पडू दे, पडण्यासाठीच बनवलाय तो.

आणि ते घड्याळ. तेही तिसऱ्या वर्गाच्या जेवणघरातलं. मोठी पांढरी तबकडी, पितळी कडं, काळे साधे आकडे. आतलं मूळ यंत्र केव्हाच गेलेलं, दादाने त्यात सेलचं मशीन बसवलं. त्यानेच मला सांगितलं की बोट पश्चिमेला निघाली की रोज थोडं थोडं घड्याळ मागे करायचे. कधी अर्धा तास, कधी कमीजास्त. एडन आलं, सुएझ आलं, पोचेपर्यंत माणूस तिथल्या वेळेत आपोआप मुरलेला असायचा. आणि बोटीवरचं एक मुख्य घड्याळ सरकलं की वरपासून खालपर्यंत सगळ्या डेकवरची सरकायची. यावर दादा फार खूश होता. "जेवण वेगळं, जिना वेगळा, हवासुद्धा वेगळी... पण कमे, वेळ सगळ्यांना सारखीच," असं म्हणायचा. आमच्यासारख्यांच्या घरात हे वाक्य कुठे जाऊन लागतं, ते आमचं आम्हाला ठाऊक.

त्याची मुलगी प्रज्ञा कॅनडाला शिकायला निघाली तेव्हा घरात थोडं वाजलेलं. इथे काय कॉलेजं नाहीत का, असं दादा एकदा बोलून गेला. विमानतळावरही गेला नाही. बोट सुटताना धक्क्यावर उभं राहता येतं, तिथे दारातूनच हाकलतात, मी येऊन काय करू, म्हणाला. दुसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण झालं, हात धुतले, आणि त्याने ते घड्याळ अर्धा तास मागे केलं. तिसऱ्या दिवशी परत अर्धा तास. वहिनींना वाटलं सेल गेला. विचारलं तर म्हणाला, प्रज्ञा निघालीय ना. वहिनी म्हणजे हिशोबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, अहो, रोज कशाला तो खेळ, साडेनऊ तास मागे काय नि अडीच तास पुढे काय, तबकडीवर तेच दिसणार, एकदाच पुढे करा आणि मोकळे व्हा. तर हा म्हणतो, पश्चिमेला निघालेली बोट पूर्वेला वळवू?

त्यात घराची जी तारांबळ उडाली! कामवाली वैतागली, आमचे हे एकदा अजून लवकर आहे म्हणून गप्पा मारत बसले आणि भाच्याच्या साखरपुड्याला जेवणाची पानं उठल्यावर पोचले. शेवटी वहिनींनी स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलं आणि जगाशी संबंध राखला. पण खरी गोष्ट वेगळीच होती. प्रज्ञाचा फोन यायचा आणि दादा घ्यायचा नाही. वहिनी रिसीव्हर पुढे करायच्या आणि हा खुणेने नको म्हणायचा. ती अजून पोचली नाही, म्हणायचा. बोट वाटेत असताना कुठला आलाय फोन? तीनेक आठवड्यांनी घड्याळ तिकडच्या वेळेला लागलं, त्या दिवशी स्वतः उठून फोन लावला आणि जेवलीस का विचारलं. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो होतो. म्हातारा हट्टी, दुसरं काय.

मग ते घड्याळ कॅनडाच्याच वेळेवर चालायचं. प्रज्ञा सुट्टीला यायची असली की हा आधीच तीन आठवडे त्याला पुढे आणायला घ्यायचा, रोज अर्धा तास, म्हणजे ती दारात उभी राहील तेव्हा घड्याळ आपल्या वेळेवर. परत गेली की पुन्हा मागे. वहिनी वारल्या, मोबाईल आले, व्हिडिओ कॉल आले, तरी हे काही चुकलं नाही. कॉलवर बोलताना तो घड्याळ समोर दिसेल असा बसायचा, त्यामुळे ते तिला कधी दिसलं नाही. म्हणजे बघा, ज्या पोरीसाठी हे सगळं चाललेलं, तिने ते घड्याळ जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा ते बरोबरच होतं.

या खेपेला तिचं तिकीट काढलेलं होतं आणि दादाने काटा पुढे आणायला सुरुवात केली होती. मधेच अंथरूण धरलं. बाकीचं तुम्हाला सांगितलंच. प्रज्ञाने तिकीट अलीकडे घेतलं, पण फोनवर तीच म्हणाली, आत्या, माझ्यासाठी थांबवू नका त्यांना. आम्ही थांबलो नाही. ती आली तेव्हा घरात फक्त मी, आणि गाद्या उचललेली रिकामी खाट. सकाळचे नऊ वाजून गेलेले. तिने बॅग ठेवली, खाटेकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं. घड्याळात पाच. त्या गडबडीत काटा फिरवायचं कोणाला सुचणार?

"आत्या, घड्याळ बंद पडलंय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "तू अजून वाटेत आहेस."

तिला काही समजेना. मग चहा टाकला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मला वाटलं हसेल. तिचा चेहरा पांढराफटक. मग कळलं की वहिनी तिला त्या पहिल्या तीन आठवड्यांत रोज सांगत होत्या, पप्पा झोपलेत. नवऱ्याचं खूळ पोरीला कसं सांगायचं, म्हणून. आणि ही तिकडे तळघरातल्या खोलीत बसून धरून चाललेली की पप्पा रागावलेत. आपण गेलो ते त्यांनी माफ केलेलं नाही. नंतर बोलायला लागले, पण मनातून नाही. इतकी वर्षं हा दगड छातीवर घेऊन ती येत होती, जात होती. तिने विचारलं नाही, आणि आमचा बंधुराज तोंडाने सांगेल तर शपथ.

"म्हणजे पप्पा रागावले नव्हते?"

"रागावला असता तर परवडलं असतं. राग उतरतो. त्याला तुझं एवढं लांब जाणं एकदम सोसत नव्हतं, प्रज्ञा. रोज अर्धा तास, एवढंच झेपायचं त्याला."

हे मी बोलले खरं, पण मलाही ते बोलतानाच कळलं. आजवर मी त्याला हट्टच समजत आलेले. पोर ओट्याला धरून रडली, आणि मीही रडले. मनगट हातात घेतलं तेव्हाही मला रडू आलेलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाला बरीच माणसं आली. बुद्धवंदना झाली, चार लोक चांगलं बोलले, त्या जाड कपांतून सगळ्यांना चहा दिला. दोन फुटले. कोणीतरी सारखं घड्याळाकडे बघून गोंधळत होतं, पण प्रज्ञाने मला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळचं जेवण झालं की ती स्वतः उठायची, काच उघडायची, अर्धा फेरा. पाहुणे गेल्यावर एका संध्याकाळी ते घड्याळ आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ एक झालं. ती तिथेच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, पोचले." माझ्या हातात उष्टी ताटं होती, मी ती तशीच धरून उभी.

बिल्डिंग पाडून नवी बांधायची आहे, घर रिकामं करून द्यायचंय. मुंबईहून एक गृहस्थ संग्रह बघायला आलेले. मोठे जाणकार. कप उलटे करून बघितले, चमचे बघितले, आणि मॅडम, पहिल्या वर्गाचं काही नाही का, म्हणाले. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे पहिल्या वर्गाचं कधीच काही नव्हतं. ते गेले. नकाशा प्रज्ञाने गुंडाळून नेला. कप आजूबाजूच्यांना वाटले. किल्ल्यांचा डबा माझ्या पलंगाखाली आहे, त्यांची दारं तुटून किती वर्षं झाली... कळवा ते डोंबिवली, डोंबिवली ते कळवा, खोकी भरा, खोकी उतरवा. थकले हो मी. माणूस जातो, आणि मागे राहिलेल्याने त्याचं सामान वाहायचं. बाबांनी तेच केलं, मीही तेच करतेय.

घड्याळ माझ्याकडे आलं, आता कळव्याच्या घरात लावलंय. प्रज्ञा परत गेली तेव्हा मी ते रोज अर्धा तास मागे नेलं. मी दादा नाही, फोन मी पहिल्या दिवसापासून घेतला. पण काटाही चुकवला नाही, आणि परवा ते तिच्या वेळेला लागलं. तिला सांगितलं, तर म्हणाली, आत्या, आता बस कर, दमली असशील. खरंच दमलेय. तरी काल जेवण झालं, हात धुतले, आणि सवयीने जाऊन काच उघडली. काट्यावर बोट ठेवलं. प्रज्ञा तर पोचलेली. मग वाटलं, आता जो वाटेत आहे त्याच्यासाठी फिरवू... आणि दादा, तू कुठल्या दिशेला गेलायस, पुढे करू की मागे, तेच मला कळेना. मग काच लावून घेतली.